‘आपला’ म्हणण्याचा अधिकार

२०२६ सालच्या जानेवारीतील एका रविवारी सकाळी आम्ही पंचवटी कारंजाजवळच्या एका चहाच्या दुकानात बसलो होतो. गंगेवरून स्नान करून आलेली मंडळी कुडकुडत, चहाचे पेले दोन्ही हातांत धरून उभी होती. आणि शेजारच्या बाकावर तीन-चार तरुणांचा मोठा कडाक्याचा वाद जुंपला होता. वादाचा विषय गावातला नव्हता, प्रांतातला नव्हता, देशातलाही नव्हता. इंग्लंडातील मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबाने त्याच महिन्यात आपला पोर्तुगीज व्यवस्थापक रुबेन आमोरिम यास चौदा महिन्यांच्या कारकीर्दीनंतर निरोप दिला होता, आणि ते योग्य झाले की अयोग्य याचा निवाडा या बाकावर चालला होता. एकाचे म्हणणे असे की, २०२४-२५ च्या हंगामात संघ वीसांत पंधरावा आला तेव्हाच त्या गृहस्थास काढावयास हवे होते. दुसरा सारे खापर मालकांच्या माथी फोडीत होता. ग्लेझर कुटुंबाने २००५ साली कर्ज काढून क्लब विकत घेतला व ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेविले, तेव्हापासून या घराची वास्तूच बिघडली, असे त्याचे मत. तिसऱ्याची तक्रार खर्चाची: २०२५ च्या उन्हाळ्यात नव्या खेळाडूंवर वीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली, आणि ज्या मधल्या फळीत भगदाड होते तेथे एकही नवा माणूस आणिला नाही!

कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गृहस्थ हे सर्व ऐकत होते. अखेर त्यांच्याने राहवेना. ते म्हणाले, “अरे पोरांनो, मघापासून ऐकतो आहे, ‘आपण हरलो’, ‘आपण घेतला’, ‘आपण काढला’. त्यात तुमचा एक रुपया तरी आहे का रे?” त्यावर एक जण हसून म्हणाला, “रुपया नाही, काका. पण बारा वर्षांची झोप आहे.”

सगळे हसले आणि वाद तेथे मिटला. आमच्या मनातला मात्र तेथून सुरू झाला. ज्या वस्तूवर आपली मालकी नाही, जिच्या कारभारात आपणांस मत नाही, तिला ‘आपली’ म्हणण्याचा अधिकार माणसास असतो काय? आणि असलाच, तर त्या अधिकाराबरोबर काही ऋणही त्याच्या माथी येते काय? प्रश्न खेळाच्या निमित्ताने सुचला, तरी तो केवळ खेळाचा नाही. शाळा, वाचनालय, देवस्थान, वर्तमानपत्र, नाटक मंडळी अशा कितीतरी गोष्टी एकाच्या नावावर आणि अनेकांच्या जिवावर उभ्या असतात. त्यांच्याविषयी आपले कर्तव्य काय, हे या लहानशा उदाहरणावरून पाहता आले तर पाहावे.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. कायदा म्हणेल की क्लब हा ज्याने विकत घेतला त्याचा. बाकीचे सारे गिऱ्हाईक. माल आवडला तर घ्यावा, न आवडला तर दुसऱ्या दुकानी जावे. परंतु हे उत्तर वस्तुस्थितीशी जुळत नाही. वाण्याकडचे तांदूळ खराब निघू लागले तर शहाणा गृहस्थ दुसऱ्या महिन्यात दुकान बदलतो, आणि त्याबद्दल त्यास कोणी कृतघ्न म्हणत नाही. क्लबाच्या चाहत्याचे याच्या अगदी उलट. संघ पंधरावा आला म्हणून जो पुढल्या वर्षी पहिल्या आलेल्या संघाचा झेंडा खांद्यावर घेतो, त्यास त्याचे सोबतीच तुच्छ लेखतात. म्हणजे माल वाईट असतानाही जो दुकान सोडीत नाही, त्यालाच येथे खरा म्हणतात. अशा माणसास गिऱ्हाईक कसे म्हणावे? शिवाय मालक जे विकत घेतो त्याची किंमत तरी कशामुळे असते? मैदान, खेळाडूंचे करार, नाव व चिन्ह एवढे त्याच्या खरेदीखतात येते. परंतु त्या नावासाठी लाखो लोक रात्री जागतात म्हणूनच ते नाव विकत घेण्याजोगे झालेले असते. ही जाग मालकाने घडविलेली नाही व खरेदीखतात ती लिहिताही येत नाही. तेव्हा ‘आपण हरलो’ या बोलण्यात मूर्खपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. त्यात एक खरे सांगणे आहे. या वस्तूचा प्राण ज्यात आहे त्याचा काही अंश आमचा आहे, एवढेच तो तरुण म्हणत असतो.

येथवर आम्ही त्या तरुणांच्या बाजूने बोललो. आता त्यांस, आणि त्यांच्याबरोबर स्वतःसही, थोडे अवघड विचारावयाचे आहे. त्यासाठी मँचेस्टर सोडून पुण्यास यावे लागेल.

पुण्यात २००७ साली अशोक पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफ. सी. नावाचा क्लब काढला. हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातील सर्वांत वरच्या साखळीत, दुसरा आला. महाराष्ट्रातील एका शहराचा संघ अखिल हिंदुस्थानात दुसरा येतो ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या संघास घडविणारे गोमंतकीय शिक्षक डेरिक परेरा यांनीच पूर्वी मुंबईच्या महिंद्र युनायटेडला २००५-०६ चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले होते. पण महिंद्रांचा तो संघ, ज्याची परंपरा १९६२ पर्यंत मागे जात होती, २०१० साली मालकांनी बंद केला. आणि पुणे एफ. सी. चा गाशाही २०१५ साली गुंडाळला गेला. एकाच गुणी माणसाने उभे केलेले दोन संघ पाच वर्षांच्या आत नाहीसे झाले, आणि त्या दोहोंच्या मृत्यूचे कारण मैदानावरचे अपयश नव्हते.

याच सुमारास, २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफ. सी. पुणे सिटी हा दुसरा, अधिक झगझगीत संघ पुण्यास मिळाला. त्याच्या मालकमंडळीत चित्रपटातील नट होते. १९९८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रेंच संघातील दाविद त्रेझेगे पहिल्याच वर्षी येथे खेळला. पुढल्या वर्षी रुमानियाचा आद्रियान मुतू आला. त्यानंतर आइसलंडचा गुडयॉन्सेन येणार होता, तो दुखापतीमुळे एकही सामना न खेळता परत गेला. शिक्षकांची यादी तर याहून बोलकी आहे. कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, मध्यंतरी काही काळ प्रद्युम्न रेड्डी आणि अखेर ब्राउन, अशी सात माणसे पाच हंगामांत त्या एका खुर्चीवर बसली. त्यांपैकी पोर्तुगाल या गृहस्थांस तर अवघ्या तीन सामन्यांनंतर जावे लागले. इतक्या खटाटोपातून संघ उपांत्य फेरीस पोहोचला तो एकदाच, २०१७-१८ साली. २०१९ मध्ये क्लब बंद झाला व त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. तो हैदराबादचा संघ २०२१-२२ चे अजिंक्यपद मिळवून, पुढे पैशाच्या ओढाताणीत सापडून, दुसऱ्या मालकाच्या हाती गेला आणि २०२५ मध्ये नाव बदलून दिल्लीस नेला गेला. भाड्याचे घर बदलणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखी एका शहराची भक्ती दुसऱ्या शहरी हलविता येते, अशी या कारभारामागची समजूत दिसते.

येथे मालकांस शिव्या देणे सोपे आहे, आणि त्यांतील काही योग्यही ठरतील. पण न्याय करावयाचा तर पुरता करावा. वर्षानुवर्षे तोटा सोसून एखाद्याने संघ चालवीतच राहावे, असे त्यास बजावण्याचा अधिकार कोणास? जो त्या तोट्याच्या दिवसांत त्याच्याजवळ उभा होता, त्यास काही प्रमाणात असेल. मग आम्ही कोठे होतो? नाशिकहून बालेवाडीचे मैदान सुमारे दोनशे किलोमीटर दूर. मँचेस्टर काही हजार. त्या दूरच्या मैदानावर कोण कोणत्या मिनिटास जखमी झाला हे आमच्या पंचवटीतील पोरांस ठाऊक असते. आणि आपल्याच प्रांतातला, देशात दुसरा आलेला संघ ज्या वर्षी मेला त्या वर्षी सुतक पाळण्याचे दूरच राहो, बातमीही पुष्कळांच्या कानी पडली नाही. आम्ही स्वतः त्यांतलेच. डेरिक परेरांचा संघ प्रत्यक्ष पाहावयास आम्ही एकदाही गेलो नाही, हे येथे कबूल करणे भाग आहे. दुरून लखलखणाऱ्या वस्तूवर प्रेम करणे फुकट असते. जवळच्या, धडपडणाऱ्या वस्तूवर प्रेम करावयाचे तर एस. टी. चे तिकीट काढावे लागते, उन्हात अर्ध्या रिकाम्या बाकांवर बसावे लागते, आणि हरलेल्या संघाबरोबर रात्री घरी परतावे लागते.

याहूनही खोल दोष आमच्या मागण्यांत आहे. चहाच्या बाकावरील त्या वादात दोनच उपाय ऐकू आले: आणखी खर्च करा, नाहीतर व्यवस्थापक बदला. पहिल्या मागणीचा अर्थ काय होतो याचा विचार आम्ही करीत नाही. ‘खर्च करा’ असे जो ओरडतो तो, न कळत, ‘ज्याच्याजवळ अमाप पैसा आहे अशाच्या हाती क्लब द्या’ असेच म्हणत असतो. आणि ज्याच्या पैशावर सर्व उभे राहील तो एके दिवशी पैसा काढून घेईल तेव्हा सर्व आडवे होईल, हे त्यात आलेच. त्रेझेगेचे नाव ऐकून टाळ्या वाजविणाऱ्या हातांनीच पुण्याच्या क्लबाचे मरण थोडेसे लिहिले. दुसऱ्या मागणीत तर अन्याय उघड आहे. संघ हरतो त्यास मालकाची घाई, खेळाडूंची निवड, दुखापती, दैव, आणि मागील पाच वर्षांच्या चुका, अशी दहा कारणे असतात. यांपैकी मालक हलविता येत नाही, खेळाडूंचे करार मोडता येत नाहीत, दैवास नोटीस देता येत नाही. सहज काढता येण्याजोगा असा एक व्यवस्थापक तेवढा उरतो. म्हणून दोष त्याचा ठरतो! जो हलवावयास सर्वांत सोपा तोच सर्वांत अपराधी, हा न्याय आम्ही घरच्या मोलकरणीपासून गावच्या शिक्षकापर्यंत सर्वत्र लावीत असतो. खेळात तो अधिक उघडा दिसतो, एवढेच. पुण्याच्या त्या सात माणसांपैकी कोणी वाईट शिक्षक असेलही. परंतु सातही जण वाईट होते असे मानण्यापेक्षा, ज्या घरात कोणासच टिकू दिले नाही त्या घराची रीत वाईट होती, असे मानणे अधिक सयुक्तिक नव्हे काय?

कोणी म्हणेल, मालकच नको. क्लब लोकांच्याच हाती असला म्हणजे झाले. याचे उदाहरण आमच्याच प्रांतात आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ पिढ्यान् पिढ्या खेळत आले आहेत. तेथील तालीम म्हणजे पेठेचे घर. गणपती तिचा, आखाडा तिचा, आणि फुटबॉलचा संघही तिचाच. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे पेठेतील म्हातारा आपल्या नातवास घेऊन जातो, कारण त्याचा आजाही त्यास असाच घेऊन गेलेला असतो. अशी तालीम कोणी हैदराबादेस नेईल, ही कल्पनाच तेथे हास्यास्पद ठरेल. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

पण कोल्हापूर पाहून आपण फार लवकर हुरळून जाऊ नये. अलीकडे तेथेही आफ्रिकेतील खेळाडू पैसे देऊन आणण्याची चढाओढ लागलेली आहे. आणि दोन पेठांच्या चाहत्यांतील हुल्लड व मारामारी यांमुळे सामने थांबविण्याची पाळी तेथे एकापेक्षा अधिक वेळा आलेली आहे. ‘आपला’ या शब्दाला अशी दुसरी धार असते. जो शब्द माणसास हरलेल्या संघाजवळ उभा करतो, तोच शब्द त्याच्या हाती दगडही देऊ शकतो. मालक नाहीसा केला म्हणून आपलेपण आपोआप शुद्ध होत नाही.

या दोन्ही धारा पंचवटीस फार जवळून ठाऊक आहेत. काळारामाचे मंदिर पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधविले, खर्च त्यांचा. पण दरवर्षी चैत्र शुद्ध एकादशीस रथ निघतो तेव्हा दोरास हात घालणाऱ्या शेकडो माणसांपैकी कोणी ओढेकरांचे नाव मनात आणून रथ ओढीत नाही. रथ ओढण्याचा ‘मान’ असतो. हा मान म्हणजे मालकी नव्हे. मानकऱ्यास रथ विकता येत नाही, घरी नेता येत नाही, त्याचे उत्पन्न घेता येत नाही. त्याच्या वाट्यास दोर येतो, दोराबरोबर हाताचे घट्टे येतात, आणि रथ अडला तर आपण कमी पडलो ही लाज येते. ‘आपला’ या शब्दाचा इतका चांगला अर्थ आम्हांस दुसरीकडे आढळला नाही.

परंतु याच मंदिराच्या दारी २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, कारण ज्यांनी रामास आपला म्हटले होते त्यांनी अस्पृश्य मानलेल्या आपल्याच बांधवांस आत येऊ दिले नव्हते. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात, दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड ठरली असता ती मोडली गेली आणि दगडफेक झाली. त्या लढ्याची बरोबरी खेळाच्या वादाशी करणे अप्रशस्त होईल; तो माणुसकीचा लढा होता आणि त्यापुढे फुटबॉल ही करमणूक आहे. आम्ही त्याचे स्मरण एवढ्यासाठीच करितो की, दोर आपल्या हाती असणे आणि दुसऱ्याचा हात दोरास लागू न देणे यांत अंतर किती थोडे, आणि पाप किती मोठे, हे पंचवटीच्या रहिवाशास दुसऱ्या कोणाकडून शिकावे लागू नये. मानकरी जेव्हा आपणांस मालक समजू लागतो, तेव्हा तो मालकाहून कठोर होतो.

मग मान कसा बजवावा? याचे एक उदाहरण इंग्लंडातच घडले आहे, आणि मँचेस्टरच्या आमच्या तरुण चाहत्यांनी ते अवश्य लक्षात घ्यावे. लंडनमधील विम्बल्डन क्लब दूरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरी नेण्यास २००२ साली मालकांस परवानगी मिळाली. पुण्यावर जे संकट आले तेच हे. विम्बल्डनच्या चाहत्यांनी निषेध केला, तो फुकट गेला. तेव्हा त्यांनी त्याच उन्हाळ्यात एका मोकळ्या माळावर खेळाडूंची परीक्षा घेऊन, वर्गण्या जमवून, स्वतःचा नवा क्लब काढला आणि अगदी खालच्या पायरीवरून खेळावयास आरंभ केला. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून तो २०११ मध्ये व्यावसायिक साखळीत पोहोचला, आणि २०२० साली आपल्या जुन्या मोहल्ल्यात, प्लाउ लेनवर, परतला. त्यांच्या मागणीत ‘खर्च करा’ हे शब्द नव्हते. खर्च त्यांनीच केला. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती असावीत असा नियमच आहे, आणि म्हणून तेथील चाहत्यास तक्रारीबरोबर मतपत्रिकाही मिळते व तिची जबाबदारीही.

हे आमच्याकडे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. गंगेच्या पलीकडे नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. त्याचे सभासद वर्गणी भरतात, निवडणुकीत मत देतात, कारभाऱ्यांशी कडाक्याने भांडतात, आणि भांडून झाल्यावर पुस्तक बदलावयास पुन्हा त्याच पायऱ्या चढतात. त्यांचे भांडण कधी कधी क्षुद्र असेल, पण ते खोटे नसते. कारण त्यांच्या शब्दामागे वर्गणीची पावती व वर्षांची ये-जा असते. पुस्तकांच्या बाबतीत जे आमच्या पूर्वजांस साधले ते खेळाच्या बाबतीत आम्हांस साधू नये, असे काही विधिलिखित नाही.

तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. रुपया नसला तरी ‘आपण’ म्हणता येते. रुपयापेक्षा बारा वर्षांची झोप ही लहान ठेव नव्हे. मात्र त्या ठेवीवर व्याज मागण्याआधी ती कोणत्या पेढीत ठेविली हे त्या तरुणाने एकदा तपासावे. ज्या घरी तो कधीच पाऊल ठेवणार नाही त्या घरच्या चाकरांस काढा म्हणून तो ओरडतो, आणि ज्या घराचे दार दोनशे किलोमीटरांवर उघडे होते ते कोणी आत आले नाही म्हणून बंद झाले. मँचेस्टरवर प्रेम करू नये असे आम्ही म्हणत नाही. प्रेमास सीमा घालणारे आम्ही कोण? पण त्या प्रेमाचा दहावा हिस्सा जवळच्या मैदानास द्यावा. पंचवटीत, नाशकात, संध्याकाळी कोठे ना कोठे चार पोरे चेंडू लाथाडीत असतातच. त्यांच्या संघास शिक्षक लागतो, जाळे लागते, रेघा आखावयास चुना लागतो, आणि हरल्यावर पाठीवर हात ठेवणारा कोणी लागतो. तेथे जाऊन जो उभा राहील त्यास ‘आपण हरलो’ म्हणताना कोणी हटकणार नाही.

आम्ही दुकानातून उठलो तेव्हा ते तरुण पुढल्या सामन्याची वेळ ठरवीत होते. वृद्ध गृहस्थ पैसे देऊन निघाले होते, दारात वळून त्यांनी विचारले, “मग नवा मॅनेजर कसा आहे तुमचा?” ‘तुमचा’ हा शब्द त्यांनी थट्टेने उच्चारला नव्हता. तो तरुणही थोडा गंभीर झाला आणि म्हणाला, “थोडा वेळ द्यायला हवा, काका.” इतक्या वादानंतर एवढे शहाणपण त्या बाकावर शिल्लक होते, याचे आम्हांस समाधान वाटले.